डोहाळजेवण उशिरा येतं

आमच्याकडं बाईच्या ओकाऱ्यांना आजार म्हणत नाहीत, बातमी म्हणतात. नवी सून सकाळी मोरीकडं पळाली की ओसरीवरची म्हातारी पदराआड हसते, शेजारीण भिंतीवरून डोकावते, आणि दुपारपर्यंत गल्लीत कळतं की अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत. हसून झालं की त्याच सुनेच्या हातात कळशी देतात. तिला रात्रीपासून पाण्याचा घोट पचलेला नसतो, पण ते कुणी विचारत नाही. बातमी कळली, आता कामाला लागा.

माझं भांडण या हसण्याशी आहे. हसण्यात वाईट काही नाही, आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या हसण्यानं एक हिशेब मिटवून टाकला जातो. "चालायचंच, बाईच्या जातीला असतंच ते," असं म्हटलं की पुढं काही करायची जबाबदारी कुणावर राहत नाही.

पहिल्यांदा एक सांगून टाकतो. "बापय माणसानं या विषयात पडू नये," असं मला आमच्याच घरातल्या थोरल्या आत्यानं बजावलं होतं. मी तिला म्हणालो, "आत्या, गाय फळली का उलटली हे मला एकविसाव्या दिवशी कळतं, तिची वार पडली नाही तर मी रात्री अकराला डॉक्टर आणतो, ते चालतं. मग माणसाच्या पोटातल्या लेकराचं मला कळायला काय हरकत आहे?" आत्या गप झाली. पटलं असेल असं नाही, पण उत्तर नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या समाजात गरवार बाईचं कौतुक कधी होतं? सातव्या महिन्यात. हिरवी साडी, फुलांचा गजरा, झोपाळा, पाच-पन्नास बायका, वाटीखाली पेढा का बर्फी ते ओळखायचं, आणि ताटात दहा प्रकार. डोहाळजेवण झकास होतं, त्याला माझी ना नाही. पण या मळमळीचा काळ कोणता? पाळी चुकल्यावर पंधरा दिवसांत उमासे सुरू होतात. दुसरा आणि तिसरा महिना सगळ्यात वाईट. चौथा सरता सरता बहुतेकींचं पोट थाऱ्यावर येतं. म्हणजे जेव्हा तिला जेवण जात नाही तेव्हा कुणी विचारत नाही, आणि जेव्हा ती दोन भाकऱ्या खाऊ शकते तेव्हा आपण तिच्यापुढं दहा पदार्थ मांडतो. पाऊस गेल्यावर नांगरट करावी तशी ही गत.

त्यात आणखी एक रीत. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, पोट राहत नाही. मुकाट राहायचं. एखादीला आपलं दुःख आपल्याजवळ ठेवावं वाटलं तर तो तिचा हक्क. पण जिच्यावर ही गुप्तता लादली जाते तिची पंचाईत बघा. खुरपायला जाणारी बाई सांगू शकत नाही की मला उन्हात उभं राहवत नाही. सांगितलं तर रीत मोडते, नाही सांगितलं तर ती कामचुकार ठरते. जे तीन महिने सगळ्यात अवघड, तेच तीन महिने तोंड शिवून काढायचे, असा हा कायदा कुणी केला कोण जाणे. ज्यानं केला त्याला कधी ओकारी आली नसावी.

सरकारचंही थोडंफार तसंच. दर महिन्याच्या नऊ तारखेला दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून तपासणी होते, २०१६ पासून ही मोहीम आहे आणि चांगली आहे. पण ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवा म्हणून आशाताई घरोघर फिरतात, वजन होतं, कार्ड मिळतं. पण "बाई, तुझ्या पोटात काही ठरतंय का?" हा प्रश्न मात्र आशाताईच्या स्वभावावर सोडलेला आहे. चांगली असली तर विचारते.

आता जनावराचं बघा. गाभण गाय आम्ही वेण्याआधी दोन महिने आटवतो, म्हणजे दूध काढायचं बंद करतो. दूध हे तिचं काम, ते काम आम्ही थांबवतो. कारण ठाऊक असतं की तसं नाही केलं तर वासरूही हलकं येईल आणि पुढचं दूधही जाईल. गाय चारा खाईना म्हटलं की सगळं घर गोठ्यात जमा होतं. आणि सून भाकरी खाईना म्हटलं की? "नखरे." बाईला जनावरासारखं वागवतात असं लोक म्हणतात, मला ते खरं वाटत नाही. जनावरासारखं वागवलं असतं तर बरं झालं असतं.

मी हे कशावरून बोलतो ते सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव सगळं खडी फोडायला गेलं होतं. माय, चुलता, चुलती, आम्ही पोरं. दुपारी सुकडी मिळायची. त्या सुकडीचा वास चुलतीला सहन व्हायचा नाही. ती खडीच्या ढिगाआड जायची, ओकायची, तोंड पुसून परत यायची, पुन्हा हातोडी घ्यायची. मला वाटायचं तिला ऊन लागलंय. कामावरच्या कारकुनानं तिच्या ढिगाचं माप कमी भरलं म्हणून अर्धी हजेरी लावली. मायनं त्याला सांगितलं, "सायेब, ती दोन जिवांची हाये." कारकून म्हणाला, "मग घरी बसायचं." घरी बसून काय खायचं होतं ते त्यानं सांगितलं नाही. चुलतीनं दुसऱ्या दिवसापासून सुकडी मला द्यायला सुरुवात केली आणि स्वतः ढिगाच्या सावलीला बसून भाजलेल्या मातीचे खडे चघळायला लागली. पुढं तिला मिश्रीची सवय लागली, कारण मिश्री लावली की मळमळ दबते असं कुणीतरी सांगितलं. ती सवय मरेपर्यंत सुटली नाही. आजही आमच्याकडं कैक पोरी याच कारणानं मिश्री धरतात. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. पोटातलं लेकरू त्यानं हलक्या वजनाचं होतं. मळमळ घालवायला विष देणारे आम्ही, आणि दवाखान्यातल्या गोळीला मात्र घाबरतो.

"आमच्या वेळी कुठं होतं असलं? आम्ही ओकतओकत पाणी भरलं, दळलं, कांडलं, पोरं झालीच की." ही म्हाताऱ्या बायांची बोली मी शेकडो वेळा ऐकलीय. त्या खोटं बोलत नाहीत. पण हे सांगायला मागं राहिल्या त्या जगल्या म्हणून. ज्या नाही राहिल्या त्या सांगायला येत नाहीत. आणि दुसरं असं, की तुम्ही सोसलं ते वाईटच होतं, मग तेच सुनेच्या पदरात का टाकता? विहिरीत पडलेला माणूस वर आला तर विहिरीला कठडा बांधतो. दुसऱ्याला ढकलून बघत नाही.

आणि हे मनाचे खेळ आहेत म्हणणाऱ्यांसाठी. एके काळी मोठमोठे डॉक्टरही तसंच म्हणायचे, बाईला मूल नकोय म्हणून ती ओकते, असलं काहीबाही पुस्तकात लिहून ठेवायचे. आता त्याचा उलगडा झालाय. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो नावाच्या बाई, त्यांना स्वतःला १९९९ साली या ओकाऱ्यांनी इतकं घेरलं की पोटातलं मूल गेलं. त्यांनी पुढची सगळी वर्षं याच्या अभ्यासात घातली. त्यांचा आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांचा शोध डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात छापून आला. गर्भाकडून, वारेकडून जीडीएफ-१५ नावाचं एक द्रव्य आईच्या रक्तात येतं, ते मेंदूला जाऊन भिडतं आणि मळमळ उठते. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला ते एकदम वाढल्यावर जास्त झोंबतं. जसं कधी तिखट न खाल्लेल्या माणसाला आमचा ठेचा झोंबावा तसं. म्हणून एकीला नुसते उमासे येतात आणि तिच्याच जावेला अंथरूण धरावं लागतं. यात कुणाची हिंमत जास्त आणि कुणाचे नखरे जास्त, असा प्रश्नच नाही. दहातल्या सात बायकांना हा त्रास होतो, आणि शंभरातल्या एक ते तीन जणींना तो जिवावर बेतेल इतका होतो. इंग्रजीत याला सकाळचं दुखणं म्हणतात, ते नावही खोटं. ज्या बाईला होतं तिला दिवसरात्र होतं.

"फार ओकते म्हणजे मुलगा," असं एका गावात म्हणतात, "मुलगी," असं दुसऱ्या गावात. २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, सहा वर्षांखालच्या. अशा जिल्ह्यात हा अंदाज गमतीनं केला जात नाही. ओकणाऱ्या बाईकडं बघताना तिच्या पोटात काय ठरतंय यापेक्षा तिच्या पोटात कोण आहे याची काळजी जास्त.

मग करायचं काय? यात अवघड काही नाही, आणि खर्चाचं तर अजिबात नाही. उठल्याउठल्या रिकाम्या पोटी चुलीजवळ बसवायचं नाही. उशाशी लाह्या, चुरमुरे, फुटाणे, नाहीतर रात्रीची वाळली भाकर ठेवायची. पडल्यापडल्याच चार घास खायचे, पंधरा-वीस मिनिटांनी सावकाश उठायचं. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी सहा-सात वेळा थोडं थोडं. पाणी जेवणाबरोबर गटागटा नाही, मधल्या वेळात घोट घोट. लिंबू, मीठ, साखर घालून. तेलकट, तिखट, फोडणीचं चार-आठ आठवडे बाजूला. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून निवलेलं चालतं. आल्याचा तुकडा चघळला किंवा सुंठीचं पाणी थोडं थोडं घेतलं तर बऱ्याच जणींना उतार पडतो, हे आजीबाईंचंही म्हणणं आणि आजच्या डॉक्टरांचंही. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत असेल तर ती गुपचूप उकिरड्यावर टाकायची नाही, नर्सबाईला सांगायचं. पहिल्या तीन महिन्यांत गरज असते ती फॉलिक अॅसिडची, लोहाची गोळी साधारण चौथ्यापासून असते. ती रात्री जेवून झोपताना घेतली तर सोसते.

आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे चुलीपुढची जागा बदलणं. फोडणीचा वास, रॉकेलचा वास, कांद्याचा वास, शेणाचा वास, आणि शेतात फवारणीचा वास. हे सगळे वास कुणाच्या वाट्याचे? तिच्याच. आमच्या घरात सुनेला दिवस गेले तेव्हा बायकोनं फर्मान काढलं की तीन महिने ती चुलीकडं फिरकणार नाही. मुलगा भाकरी थापायला शिकला. पहिले आठ दिवस भाकरी म्हणजे जिल्ह्याचा नकाशा होता, नंतर जमायला लागली. गल्लीत बोललंच गेलं, "सुनेला देव्हाऱ्यात बसवलंय बाई." बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात न्हाई, खाटेवर बसवलंय. तुमच्या सुनेलाबी बसवा." त्या बोलण्यानं गल्लीत दोन घरं आमच्याशी महिनाभर बोलत नव्हती. तिसऱ्या घरात मात्र नवरा भाकरी थापायला लागला, तेही दार लावून.

आता औषधाची भीती. "गरवारपणी गोळी घेऊ नये, लेकरू लुळं होतं." ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली. झोपेसाठी होती, आणि गरोदर बायकांनी मळमळीवरही घेतली. दहा हजारांवर मुलं आखूड हातापायांची, बिनहातांची जन्माला आली. १९६१ साली ती मागं घेतली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या सरकारी डॉक्टरबाईंनी पुरावा मागितला, सही केली नाही, म्हणून तिथली मुलं बऱ्याच अंशी वाचली. यातून शिकायचं ते हे की तपासल्याशिवाय औषध घ्यायचं नाही. औषधच घ्यायचं नाही असं नव्हे. बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची जोडगोळी या त्रासावर कित्येक दशकं वापरात आहे, तिचा लाखो बायकांवर अभ्यास झाला आणि बाळाला त्यातून व्यंग आल्याचं आढळलं नाही. डॉक्टरला विचारून ती घेता येते. मेडिकलवाल्या पोराला विचारून नाही.

कधी थांबायचं नाही तेही पाठ करून ठेवा. दिवसभरात पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद पिवळी किंवा नावालाच होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, अंगावरचे कपडे ढिले व्हायला लागले असतील, ओकारीत रक्त दिसलं, पोटात कळा किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. १०२ ला फोन केला की गाडी येते. आणि आणखी एक. आमच्याकडं "सलाईन लावा" हा एकच मंत्र आहे. गावातला डॉक्टर ग्लुकोजची बाटली टांगतो, बाईला जरा तरतरी येते, पैसे घेतो, मोकळा. पण जी बाई दोन-तीन आठवडे ओकतीय तिच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. आधी ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून विचारा, "डॉक्टर, बी-१ दिलं का?" विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. झाला तर होऊ द्या.

पण हे सगळं सांगताना मला लाज वाटते ती एका जागी. हे उपाय घर असलेल्या बाईसाठी आहेत. जिला खाट आहे, उशी आहे, उशाशी लाह्या ठेवायला जागा आहे. आमच्या भागातली निम्मी गावं दसऱ्या-दिवाळीनंतर रिकामी होतात, ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. पहाटे चारला फडावर. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. या बाईला दुसरा महिना लागला तर तिनं काय करावं? पडल्यापडल्या लाह्या खाव्यात?

भावकीतल्या एका पोराची बायको अशीच फडावर ओकत राहिली. तीन आठवडे. कोपीत पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. मुकादम म्हणाला, "बाईमाणसाचं असतंच, दोन दिवसांत बरी होईल." ती बरी झाली नाही, फडात पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिचं वजन सात किलोनं उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" नवरा खाली मान घालून उभा. काय सांगणार, खाडा पडतो म्हणून? बाई वाचली, पोट वाचलं नाही. आणि कोयता मोडला म्हणून उरलेली उचल व्याजासकट पुढच्या सालावर चढली. पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच मुकादमाकडं गेली, ते फेडायला. २०१९ साली सरकारी समितीनं आमच्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. लोकांना धक्का बसला. मला नाही बसला. पाळीचा खाडा, पोटाचा खाडा, ओकारीचा खाडा, असे सगळे खाडे एकदमच मिटवायचा तो उपाय होता.

कायदा आहे की. १९६१ पासून प्रसूती लाभाचा कायदा. २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा. गरोदरपणामुळं आजारी पडली तर आणखी एक महिना. कुणाला? कारखान्यात, दुकानात, हापिसात हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. साखर कारखान्याच्या हापिसात टाईप करणाऱ्या बाईला मळमळीची रजा मिळते, आणि त्याच कारखान्याचा ऊस डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला खाडा. एकाच साखरेवर दोघी जगतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला निदान सहा हजार रुपये द्यायचं लिहिलं. २०१७ ला योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला ओकारी येत नाही असं कुणी ठरवलं?

डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातली सून याच ओकाऱ्यांसाठी दवाखान्यात दाखल झाली. जगभरच्या पेपरात आलं, आमच्या एसटी स्टँडवरच्या पेपरातही आलं. कुणी म्हणालं नाही की नखरे करते. त्याच डिसेंबरात फडावर किती जणी ओकत होत्या त्याची ओळभर बातमी नव्हती. दुखणं तेच होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ऊसतोडीचा करार करताना लिहा की पोटुशी बाईच्या आजाराचा खाडा धरायचा नाही. कारखान्यानं फडावर प्यायचं पाणी आणि पंधरवड्याला नर्स द्यावी. सरकारी पैसा तिसऱ्या महिन्याच्या आत तिच्या हातात पडावा, बाळाच्या बारशाला नाही. आणि गावातल्या शेतकऱ्यांनो, तुम्हाला सांगतो, कारण मीही रोजानं बाया लावतो: दोन महिन्यांच्या गरवार बाईला सावलीतलं काम द्या, निवडायचं, टिपायचं, आणि रोज पुरा द्या. त्यानं तुमची शेती बुडणार नाही. दुष्काळानं, बाजारभावानं बुडते, दोन बायांच्या अर्ध्या रोजानं नाही.

डोहाळजेवण करा, हौसेनं करा. पण त्यातल्या खर्चाचा चौथा हिस्सा दुसऱ्या महिन्यात करा. लिंबं आणा, लाह्या आणा, दवाखान्यात न्या, आणि घरातल्या बाप्यांच्या हातात परात द्या.